बाराच्या घंटेची शाळा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत बोलण्याची आज्ञा झाली तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आमचे सारे आयुष्य केंद्र सरकारच्या फायलींत गेले. पदवी साधी बी. ए. ची. व्यासपीठावर उभे राहून विद्वत्ता सांगावी असे आमच्यापाशी काही नाही. परंतु गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका भगिनीने आमच्या सौभाग्यवतींपाशी एक प्रश्न काढला, आणि त्या प्रश्नाने आमचा नकार मागे घ्यायला लावला.

त्यांचा मुलगा येथील एका कॅथलिक शाळेत पहिलीत जातो. जेवायला बसला की कपाळाला, छातीला आणि दोन्ही खांद्यांना बोटे लावून क्रुसाची खूण करतो आणि मगच पहिला घास घेतो. सासूबाई गावाहून आल्या होत्या. त्यांनी ते पाहिले आणि दोन दिवस त्या सुनेशी धड बोलल्या नाहीत. "शाळा बदलावी का हो?" असा तो प्रश्न. आमच्या सौभाग्यवतींनी तो घरी येऊन आम्हांला सांगितला आणि वर म्हणाल्या, "याचे उत्तर तुम्हीच द्या. खिशातले ते पत्र आठवते ना?"

पत्राची हकीकत यथावकाश येईल. त्याआधी आम्हांला तुम्हांला वसईला न्यावे लागेल.

आमचे गाव वसई तालुक्यातले, निर्मळपासून चालत जाण्याच्या अंतरावरचे. घर हिंदू. गावाची अर्ध्याहून अधिक वस्ती मात्र कॅथलिकांची. केळीच्या बागा, पानवेली, जाई-मोगऱ्याचे ताटवे, त्यांच्यामधून गेलेल्या चिंचोळ्या वाटा, वाटेच्या वळणावर चुन्याने रंगवलेला क्रूस आणि त्यापुढे कोणीतरी ठेवलेली झेंडूची माळ, हे आमच्या बालपणाचे चित्र आहे. क्रुसापुढे झेंडू का, असा प्रश्न आम्हांला कधी पडला नाही. फूल वाडीतले, क्रूस वाटेवरचा, आणि माळ ओवणारी लाल नऊवारीतली आजी शेजारची.

गावात शाळा एकच, चर्चच्या आवारातली. १९७५ साली आम्ही तिच्या पहिलीत दाखल झालो. कौलारू इमारत, चार वर्ग, आवारात एक मोठे चिंचेचे झाड. माध्यम मराठी. हे आवर्जून सांगतो, कारण वसईबाहेरच्या मराठी माणसाला कॅथलिक शाळा म्हटली की इंग्रजी आणि टाय एवढेच आठवते. आमच्या शाळेत टाय नव्हता. निम्म्या मुलांच्या पायांत चपलाही नव्हत्या. ज्यांना आपण सामवेदी ख्रिस्ती म्हणतो, त्या कुपारी समाजाची मुले घरी कादोडी बोलत. पुस्तकातली मराठी त्यांनाही पहिलीतच भेटे. आमच्या बाई आधी मुलाच्या बोलीत विचारीत आणि मग तेच वाक्य पुस्तकी मराठीत म्हणवून घेत. एका बोलीची लाज न वाटू देता दुसरी भाषा शिकवणे ही किती अवघड विद्या आहे, हे आम्हांला पुष्कळ पुढे, मुलीच्या एका शाळेच्या दारात कळले. तेही पुढे येईल.

दुपारी बाराला चर्चची घंटा वाजे. तीन ठोके, थोडी विश्रांती, पुन्हा तीन, पुन्हा तीन आणि मग सलग नऊ. ते ऐकताच वर्गात ज्याने त्याने जिथे असेल तिथे उभे राहायचे. फळ्यावर गणित अर्धे असले तरी बाई खडू खाली ठेवीत. कॅथलिक मुले देवदूताने मरियेला दिलेल्या संदेशाची प्रार्थना म्हणत. आम्ही सहा हिंदू मुले नुसती हात जोडून उभी राहत असू. कोणी आम्हांला ओठ हलवायला सांगितले नाही आणि कोणी हलवू नका असेही सांगितले नाही. बाहेर वाडीत पाणी लावणारा माणूस त्याच वेळी टोपी काढून उभा असे, विहिरीवरच्या बायका बोलणे थांबवीत, आणि आमच्या घरी आजी त्याच घंटेवर भाताचे आधण उतरवी. तिला त्या घंटेचा अर्थ विचारला असता तर "जेवणाची वेळ झाली" असे तिने सांगितले असते. अख्ख्या गावाने दिवसातून एकदा मिनिटभर एकाच वेळी थांबणे, ही गोष्ट नंतर आमच्या नोकरीच्या गावांत आम्हांला कुठेही आढळली नाही. दिल्लीत सायरन ऐकले, पण त्यावर कोणी थांबत नसे.

धर्मशिक्षणाचा तास आठवड्यातून दोनदा असे. तेव्हा आम्हा सहा जणांना चिंचेखाली बसवून नीतिकथा वाचायला देत. कथा कंटाळवाण्या होत्या हे कबूल केले पाहिजे, आणि आमचे लक्ष खिडकीतून ऐकू येणाऱ्या प्रश्नोत्तरांकडेच अधिक असे. ही प्रश्नोत्तरांची रीत फार जुनी. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने कोकणीत रचलेले धर्मशिक्षणाचे पुस्तक याच संवादरूपात होते. ते राशोल येथे १६२२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, छापले गेले. त्याच स्टीफन्सांचे मराठी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ चे. विलायतेहून १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या माणसाने आपली श्रद्धा सांगण्यासाठी ज्ञानेश्वर-एकनाथांचा छंद उचलावा, आणि मराठीची थोरवी गाताना त्याचा कंठ दाटून यावा, हा आपल्या वाङ्मयेतिहासातला मोठा गोड चमत्कार आहे. आणि लागलीच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: १६८४ साली त्याच गोव्यात, त्याच धर्माच्या राज्यकर्त्यांनी फर्मान काढून स्थानिक भाषेवर बंदी घातली. वसईचा इतिहासही सगळाच गोड नाही. १५३४ च्या तहाने ती पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ त चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली, आणि मधल्या दोनशे वर्षांत धर्मांतरे कशी झाली याच्या हकीकती आम्ही दोन्ही बाजूंच्या वृद्धांकडून ऐकल्या आहेत. त्या साखरेत घोळून सांगण्याचे आम्हांला कारण नाही. आम्ही एवढेच सांगतो की, त्या इतिहासाच्या अडीचशे वर्षांनंतर त्याच मातीतल्या एका वर्गात आम्ही शेजारीशेजारी बसलो होतो आणि आमची पाटी फुटली की शेजारचा आपली अर्धी पाटी वापरायला देई.

तिसरीच्या वर्षी एक मोठी घटना घडे. कॅथलिक मुलांचा प्रथम ख्रिस्तप्रसाद. पांढरे कपडे, हातात मेणबत्ती, मुलींच्या डोक्यावर जाळीचे वस्त्र. त्याच्या आधी महिनाभर तयारी चाले आणि आम्ही सहा जण हेव्याने काळवंडून जात असू. आमच्या बाकावरच्या मित्राला आमची दया आली. मला मिळेल त्यातला अर्धा तुला आणीन, असे त्याने आम्हांला वचन दिले. मग रात्रभर त्याला झोप आली नाही, आणि सकाळी त्याने फादरांनाच जाऊन विचारले. फादर हसले नाहीत. ते म्हणाले, "तो प्रसाद वाटून देण्याचा नाही, ज्याने त्याने तयारी करून घेण्याचा आहे. पण तुझ्या घरच्या जेवणात मित्राचा वाटा नक्की आहे." त्याप्रमाणे आम्ही सहाही जण त्या दिवशी त्याच्या पंगतीला होतो.

त्याहून बिकट प्रसंग पापनिवेदनाचा. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या आधी मुलांनी आपल्या चुका धर्मगुरूंना सांगायच्या असतात. आता त्या वर्षी आम्ही पाच जणांनी मिळून एका वाडीतले पेरू चोरले होते. तीन कॅथलिक, दोन हिंदू. त्या तिघांनी आत जाऊन सांगितले आणि हलके होऊन बाहेर आले. आम्ही दोघे तसेच राहिलो. आपले पाप कुठे सांगायचे, असा प्रश्न घेऊन आम्ही सिस्टरांकडे गेलो. सिस्टरांनी क्षणभर विचार केला आणि विचारले, "पेरू कोणाचे होते?" झाले. आम्हा दोघांना वाडीच्या मालकासमोर जाऊन उभे राहावे लागले. त्या म्हाताऱ्याने काही न बोलता आम्हांला दोन तास पाण्याच्या पाटातली कुजलेली पाने काढायला लावली. दुसऱ्या दिवशी ते तीन ख्रिस्ती चोरही तिथे पाने काढत होते. फादरांनी क्षमा दिली होती, पण क्षमेनंतर नुकसान भरून देण्याचे कलमही असते, हे त्यांना उशिरा समजले होते. श्रद्धा म्हणजे काय हे आम्हांला त्या शाळेत जे काही कळले ते बहुतेक अशाच पाटातल्या पानांतून कळले.

चर्चमध्ये तोवर मराठी आली होती. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत मिस्सा होऊ लागली. आमच्या मित्राची आजी मात्र लॅटिनच्या आठवणीने उसासे टाकी. तिला त्यातला एक शब्द कळत नव्हता. आमच्या आजीला सत्यनारायणाच्या पोथीतले संस्कृत कळत नव्हते. या दोघी ओट्यावर बसून, भाषा समजू लागली म्हणून देवाचा धाक कमी झाला, अशा निष्कर्षाला आल्या होत्या. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची यात्रा सुरू होई. शंकराचार्यांच्या समाधीची ती यात्रा, पण आमच्या शाळेला तेव्हा अर्धी सुटी मिळे आणि फादरांसाठी कोणी ना कोणी सुकेळी घेऊन येई. याच भागाने पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा माणूस महाराष्ट्राला दिला. १९८८-८९ च्या सुमारास वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी उभ्या राहिलेल्या चळवळीचे ते अग्रणी होते. 'सुबोध बायबल'चे कर्ते, 'सुवार्ता'चे अनेक वर्षांचे संपादक, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्या वेळी विरोधाचे सूर निघाले तेव्हा आम्ही परप्रांती होतो. ते सूर वर्तमानपत्रात वाचून आम्हांला आमच्या चिंचेच्या झाडाची फार आठवण झाली. जुलै २०२४ मध्ये ते निवर्तले.

इतके सगळे ज्याने अनुभवले आहे त्याला क्रुसाच्या खुणेची भीती वाटू नये, असे तुम्ही म्हणाल. मंडळी, ती वाटली.

२००६ च्या जुलैअखेर आमची बदली रांचीला झाली. आमची कन्या तेव्हा दुसरीत. वर्ष सुरू होऊन गेलेले, मोठ्या नावाच्या शाळांनी दारे लावून घेतलेली. सरकारी वसाहतीच्या मागे एका धर्मग्रामाची प्राथमिक शाळा होती. माध्यम हिंदी, मुले बहुतेक उराँव, मुंडा आणि खडिया कुटुंबांतली. तिथे जागा मिळाली. आमच्या कार्यालयातल्या सहकाऱ्यांनी भुवया उंचावल्या. केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याची मुलगी त्या शाळेत!

छोटानागपूरच्या या शाळांचे मूळ आम्ही तेव्हा वाचून काढले. कॉन्स्टंट लिव्हन्स हा बेल्जियन जेझुइट १८८५ साली तिकडे आला आणि जमीनदारांच्या तावडीतून आदिवासींच्या जमिनी सोडवण्यासाठी कोर्टकचेऱ्या करू लागला. त्याच्यामागून आलेल्या योहान हॉफमान यांनी मुंडारी भाषेचा कोश रचायला घेतला, १९०८ च्या छोटानागपूर कूळकायद्याच्या घडणीला हातभार लावला आणि १९०९ मध्ये सहकारी पतपेढी काढली. १८९७ साली रांचीतच आदिवासी मुलींनी 'संत अन्नाच्या कन्या' हा धर्मभगिनींचा संघ स्थापन केला. आणि रामकथेवर प्रबंध लिहिणारे, हिंदी कोशकार फादर कामिल बुल्के यांची कर्मभूमीही हीच. म्हणजे शाळेमागे एक समाज उभा होता, वसईला होता तसाच. शाळा ही त्या समाजाच्या घराची एक खोली होती.

हे सगळे कागदावर ठाऊक असून, कन्येने डिसेंबरात एके रात्री देव्हाऱ्यापुढे 'शुभं करोति' म्हणून झाल्यावर क्रुसाची खूण केली, तेव्हा आमच्या पोटात खड्डा पडला. वसईला आमच्या आजूबाजूला आजी होती, यात्रा होती, गावचे मारुतीचे देऊळ होते, श्रावणातल्या कहाण्या होत्या. मित्राच्या घरी जे होते त्याच्या तोडीचे आमच्या घरीही होते. रांचीत कन्येच्या वाट्याला आमच्याकडून काय आले होते? संध्याकाळची दोन मिनिटे आणि भाद्रपदातला दीड दिवस. त्या दीड दिवसातही आमची एक बैठक असे. हे आज स्वच्छ दिसते. तेव्हा दिसला तो फक्त शाळेचा अपराध.

आम्ही सरकारी माणसे. भीती वाटली की आम्ही पत्र लिहितो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडाप्रमाणे, मान्यताप्राप्त किंवा सरकारी साहाय्य घेणाऱ्या संस्थेत शिकणाऱ्यावर त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणाची वा उपासनेची सक्ती करता येत नाही. पत्रात आम्ही हे कलम नमूद केले, अनुच्छेद ३० खालील अल्पसंख्याकांच्या हक्काबद्दल आदर व्यक्त केला, आणि आमच्या कन्येला सकाळच्या प्रार्थनेतून वगळावे अशी विनंती केली. मसुदा उत्तम उतरला होता. कायद्याच्या मराठीत वयात न आलेल्याला 'अज्ञान' म्हणतात. या शब्दाने पुढे आम्हांला चांगलेच टोचले.

मुख्याध्यापिका सिस्टर उराँव होत्या, साठीच्या, ठेंगण्या. आम्ही पत्र खिशातून काढण्याआधीच त्या हिंदीत म्हणाल्या, "बरे झाले आलात. बाबूजींची तब्येत आता कशी आहे?"

आम्ही चमकलो. आमचे वडील तेव्हा वसईला अंथरुणावर होते. मूत्रपिंडाचा विकार बळावला होता. ही गोष्ट कार्यालयात आमच्या वरिष्ठांखेरीज कोणाला ठाऊक नव्हती, आणि घरी मुलीला तर आम्ही मुळीच सांगितली नव्हती. लहान जीव, कशाला घोर लावायचा, म्हणून रात्रीचे फोन आम्ही गॅलरीत जाऊन करीत असू.

सिस्टर सांगू लागल्या. सकाळच्या प्रार्थनेत रोज एक मूल पुढे येऊन आज कोणासाठी प्रार्थना करायची ते सांगते. कोणाची गाय हरवलेली असते, कोणाचा भाऊ आसामच्या चहामळ्यात गेलेला असतो, कोणाचे वडील दारू पितात. तेही मुले सांगतात आणि कोणी हसत नाही. आमच्या कन्येची पाळी आली तेव्हा तिने सांगितले होते, की वसईला माझे आजोबा आजारी आहेत, बाबा गॅलरीत रडतात, मला कोणी काही सांगत नाही. तेव्हापासून तीन आठवडे तो वर्ग रोज सकाळी, कधी न पाहिलेल्या वसईतल्या, कधी न पाहिलेल्या एका म्हाताऱ्यासाठी प्रार्थना करीत होता. वसई कुठे आहे हे त्यांना सिस्टरांनी नकाशावर दाखवले होते. एका मुलाने विचारले म्हणे, की तिकडे पोहोचायला प्रार्थनेला किती दिवस लागतात.

पत्र खिशातच राहिले. सिस्टर पुढे आपण होऊनच म्हणाल्या, "तिने ख्रिस्ती प्रार्थना म्हणू नये असे तुम्हांला वाटत असेल तर मी तिला सांगेन, तुझ्या घरची म्हण. घरी कोणती म्हणता आजोबांसाठी?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजोबांसाठी घरात कोणतीच प्रार्थना होत नव्हती, कारण आजोबांचे दुखणे घरात बोललेच जात नव्हते.

त्या रात्री आम्ही उभयतांनी मुलीला जवळ घेऊन सारे सांगितले. ती रडली नाही. आजोबा बरे झाले नाहीत तर आपण तिकडे जाणार का, एवढेच तिने विचारले. आम्ही हो म्हटले. मग सौभाग्यवतींनी रोज संध्याकाळी देव्हाऱ्यापुढे आजोबांचे नाव घ्यायला सुरुवात केली. अशा तऱ्हेने एका उराँव धर्मभगिनीच्या प्रश्नाने आमच्या देव्हाऱ्यात प्राण आला. क्रुसाची खूण मुलगी कधी करी, कधी विसरे. आमचे तिकडे लक्ष राहिले नाही.

फेब्रुवारीत राखेचा बुधवार आला आणि उपवासकाळ सुरू झाला. हिंदी भाषिक ख्रिस्ती त्याला चालीसा म्हणतात. मुलगी शाळेतून एक निरोप घेऊन आली: रोज रात्रीच्या भातासाठी तांदूळ मोजला की त्यातून आपल्या हाताने एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकायची, शनिवारी शाळेत न्यायची. पिशवीभर विकत आणून दिला तर चालत नाही. आपल्या जेवणातलाच हवा. त्या तांदळावर धर्मग्रामातल्या निराधार म्हाताऱ्यांचा महिना निघे. आमच्या घरी बिस्किटांचा एक रिकामा डबा त्यासाठी नेमला गेला. आमचा हात मोठा म्हणून आमची मूठ मुलगी घेऊ देत नसे. मूठ तिचीच. त्या डब्याकडे पाहताना आम्हांला वडिलांनी सांगितलेली गोष्ट आठवली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी बहुजनांच्या मुलांसाठी गावोगाव असाच मुष्टिफंड गोळा केला होता. आपल्याकडे माधुकरी मागून शिकलेल्यांच्या दोन पिढ्या तर आपण सर्वांनीच ऐकल्या आहेत. मुठीची ही विद्या आपल्या घरातली होती, आणि ती आम्हांला रांचीत परत शिकावी लागली.

वडील त्याच मार्चमध्ये गेले. आम्ही वसईला पोहोचलो तेव्हा अंगणात आमच्या चौथीच्या बाई बसलेल्या होत्या. तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांना काठी लागत होती. सुतकात चूल पेटणार नाही म्हणून शेजारच्या ख्रिस्ती घरांतून भाकरी-भाजी येत होती, आणि ती शाकाहारी भांड्यांत केलेली आहे असे आणणारी प्रत्येक बाई उंबऱ्यावरूनच सांगत होती. दुपारी बाराला घंटा झाली. आमची कन्या अंगणात एकटीच ताठ उभी राहिली. बाईंनी तिच्याकडे पाहिले, काठीवर भार देऊन त्या उठल्या आणि तिच्याशेजारी उभ्या राहिल्या. रांचीला परतल्यावर वर्गाने लिहिलेली पत्रे आमची वाट पाहत होती. वहीच्या पानांवर, पेन्सिलीने. त्यातली काही सौभाग्यवतींनी अजून जपून ठेवली आहेत.

आता, सगळ्याच कॅथलिक शाळा अशा असतात असे सांगून आम्ही तुमची फसवणूक करणार नाही. पुढच्या बदलीच्या गावी आम्ही कन्येला मोठ्या नावाच्या एका इंग्रजी शाळेत घातले. नाव सांगण्यात अर्थ नाही. दारात मरियेचा संगमरवरी पुतळा होता, फी तिमाहीची आगाऊ होती, आणि मधल्या सुटीत आपली भाषा बोलल्याबद्दल दर शब्दाला एक रुपया दंड होता. आमची मुलगी आणि तिची एक मैत्रीण मराठीत बोलताना सापडल्या, तेव्हा दोघींच्या गळ्यात दिवसभर पाटी अडकवली गेली. आम्ही जाब विचारला. शिस्त म्हणजे शिस्त, असे उत्तर मिळाले. ज्या परंपरेत स्टीफन्स आणि बुल्के होऊन गेले तिच्याच छायेत असे व्हावे याचे आम्हांला अजून दुःख आहे. त्या शाळेतही प्रार्थना होती, सुरेल होती, वाद्यवृंदासह होती. पण तिथे कोणाची गाय हरवत नसे. मुले गाड्यांतून येत, गाड्यांतून जात, आणि एकमेकांची घरे त्यांना ठाऊक नसत. प्राथमिक शाळेतली श्रद्धा मुलाला घडवते की नुसती पाठ होते, हे आमच्या मते तिच्या कुंपणाबाहेर कोण राहते यावर ठरते. भगिनींनो, शाळा पाहायला जाल तेव्हा निकालाचा फलक जरूर वाचा. पण शिपायाचे मूल त्याच वर्गात बसते का, वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी मर्तिक झाले तर बाकीच्यांना कळते का, हेही विचारा.

आणि परत आल्यावर तोच प्रश्न आपल्या मंडळाला विचारा. पन्नास वर्षांत आपण पन्नास गणपती बसवले, नाटके केली, कोजागिरीचे दूध आटवले. त्यात आमचाही खारीचा वाटा आहे. पण मागच्या वर्षी आपल्याच एका सभासदांच्या घरी मूल तीन आठवडे रुग्णालयात होते, आणि ते आपल्या बालवर्गातल्या मुलांना मूल परत आल्यावर कळले. आम्ही त्या वेळी कार्यकारिणीवर होतो, म्हणून हा ठपका प्रथम आमच्यावर.

गेल्या जूनपासून रविवारच्या बालवर्गात आम्ही एक छोटा बदल केला आहे. श्लोक, पाढे आणि गोष्टीआधी एक मूल उठून आज कोणाची आठवण करायची ते सांगते, आणि मग सगळे मिनिटभर गप्प बसतात. ज्याला जो देव आठवेल तो. पहिल्या तीन रविवारी कोणी काही बोललेच नाही. चौथ्या रविवारी एकाने आपल्या कासवाचे नाव सांगितले आणि मोठी मुले हसली. आता हसत नाहीत. मागच्या रविवारी ज्यांच्या घरच्या प्रश्नावरून हे भाषण सुरू झाले तो पहिलीतला मुलगा उभा राहिला. आपली आजी गावी परत गेली आहे, तिचे गुडघे दुखतात आणि ती आईवर रागावली आहे, असे त्याने सांगितले. मिनिट संपल्यावर त्याने सवयीने क्रुसाची खूण केली आणि शेजारच्या मुलीने विचारले, हे काय करतोस? तो म्हणाला, "हे शाळेतले आहे. आजीसाठी दोन्हीकडचे करतो."

त्याच्या आईसाहेब समोर बसल्या आहेत. सासूबाईंना फोन केल्याचे त्यांनीच आम्हांला आज दारात सांगितले.